पांढऱ्या कुत्र्याचे तांबडे डोळे

राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात दोन गोष्टी एकदम वाढल्या, साहेब आणि पांढरे कुत्रे. भोपाळहून बदलून आलेल्या एका साहेबांची वर्षभरात पुन्हा बदली झाली, आणि जाताना त्यांच्या बाईसाहेबांनी आपला केसाळ कुत्रा बाबांच्या हवाली केला. बाबा नव्या मंत्रालयात बाबू होते आणि कोणालाही नाही म्हणणं त्यांना जमत नसे. कुत्रा होता गोड, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांखाली नाकापर्यंत तांबडे-तपकिरी ओघळ होते. बाईसाहेबांनी त्याला का दिला असावा, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं.

रडका कुत्रा घरात नको, असं आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, निम्म्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं. उरलेल्या निम्म्यांनी उपाय सांगितले. गुलाबजल घाला, त्रिफळ्याच्या पाण्यानं धुवा, तुरटी फिरवा, गाईचं तूप लावा. समोरच्या काकूंनी मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढली, आणि मोहरी चुलीत तडतडली नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. प्रत्येकाचा उपाय रामबाण होता आणि प्रत्येकाच्या ओळखीतला एक कुत्रा त्यानं बरा झालेला होता. तो कुत्रा मात्र नेहमी बिलासपूरला किंवा दुर्गला राहत असे.

बाबा भोळे होते, हे मी कबूल करते. कोणी काही सांगितलं की ते खरं मानायचे आणि संध्याकाळी येताना ती वस्तू घेऊन यायचे. पण त्यांचा एक नेम होता. कुत्र्याच्या डोळ्यात जे घालायचं, ते आधी स्वतःच्या डोळ्यात घालायचं. अंगणातल्या खुर्चीवर मान मागे टाकून बसायचे, ड्रॉपरनं दोन थेंब सोडायचे आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं थांबायचे. आई चिडायची.

"मुकं जनावर आहे," बाबा डोळे मिटूनच सांगायचे. "आग झाली तं कोनाले सांगन? मी तं सांगू शकतो ना."

या नेमामुळे कुत्र्याच्या डोळ्यात फारसं काही गेलंच नाही. तुरटी बाबांच्या डोळ्यावरच नापास झाली. मध तर असा झोंबला की ते दोन दिवस लाल डोळ्यांनी ऑफिसात गेले. डोळे आले का, असं कोणी विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "नहीं भैया, कुत्ते की दवाई है." हे मला त्यांच्या ऑफिसातल्या एका माणसानं हसत हसत सांगितलं तेव्हा मी शरमेनं मेले होते. आज मला त्या उत्तराचा अभिमान वाटतो. इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात दोनदाही देता आलेलं नाही.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि अर्थातच दीडशहाणी होते. घरात मराठी कळायची, पण उत्तर मी हिंदीतच द्यायची, त्यातही मधूनमधून इंग्रजी पेरून. तेलीबांध्याकडे कुत्र्या-मांजरांच्या वस्तूंचं एक चकचकीत दुकान नवीन निघालं होतं. तिथून मी डागांवरची एक पावडर आणली. डब्यावर हसरा पांढरा कुत्रा होता आणि बाकी सगळं इंग्रजीत होतं. आत काय आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. इंग्रजीत लिहिलंय म्हणजे तपासलेलंच असणार, हा माझा दृष्ट काढण्याचाच प्रकार होता, फक्त मीठ-मोहरीपेक्षा महाग.

पावडर जेवणात मिसळायची होती. बाबांनी दोन दिवस ती स्वतःच्या वरण-भातात घालून खाल्ली, थोडी कडू आहे म्हणाले, आणि मग परवानगी दिली.

आणि काय सांगू, महिन्याभरात ओघळ गेले. तोंड कापसासारखं पांढरं झालं. मी घरभर मिरवले. समोरच्या काकूसुद्धा डबा बघायला आल्या. फक्त बाबा खूश नव्हते. ते रोज संध्याकाळी कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचे डोळे पुसायचे आणि पुसून झाल्यावर कापूस उजेडात धरून बघायचे.

"डाग गेला," ते म्हणाले, "पन पानी तं वाहूनच राहिलं. अन उजवा डोळा हा पुरा उघडत नाही."

"बाबा, दाग गया ना? अब और क्या चाहिए?" मी म्हणाले.

असे आणखी तीन-चार आठवडे गेले. मग बाबांनी, ज्यांनी माझ्या बारावीच्या निकालालाही रजा घेतली नव्हती, अर्धी रजा टाकली. मी स्कूटरवर मागे कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी टॉर्च लावून खालची पापणी ओढली. उजव्या पापणीचे दोन केस आत वळले होते आणि डोळा मिटला की बुबुळावर घासत होते. तिथे जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले, आसवांतच एक रंग असतो, तो केसांवर बसून तांबडा होतो. डाग हा काही रोग नाही. पण एकाएकी पाणी वाढलं, डोळा बारीक झाला, तर लगेच यायचं असतं.

"दाग मिटाने में लगे रहे आप लोग, आँख किसी ने देखी?" बाबांनी दाखवायला आणलेला पावडरचा डबा उचलून ते बाबांवर कडाडले. "और दस दिन में आँख चली जाती. ये पावडर किसने दी?"

"मैंने दी, साहब," बाबा म्हणाले.

मग डॉक्टरांनी बाबांना अडाणी म्हटलं, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारे म्हटलं, आणि बाबा प्रत्येक वाक्याला "हव, साहब" म्हणत राहिले. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनार होता, पण कान भलत्याचेच टोचले जात होते. मी कुत्र्याला धरून उभी होते. डोळ्याकडे बघणारा घरातला एकुलता एक माणूस तिथे शिव्या खात होता.

केस काढले, जखमेवर औषध घातलं. परतताना पंडरी बाजाराच्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हा मी विचारलं, "आपने मेरा नाम क्यों नहीं लिया?"

बाबा पुढे बघतच म्हणाले, "तुले तिथं बोलले असते, तं तू उद्यापासून त्याच्याजवळ बसली नसती. मी ओळखतो तुले. अन त्याचा डोळा आता दिवसातून चारदा पुसा लागते. मी तं ऑफिसात रायतो."

मला राग आला, कारण ते खरं होतं. बोलणी खाल्ली की मी ती गोष्टच सोडून द्यायची. पेटी सोडली होती, बॅडमिंटन सोडलं होतं.

आठ दिवसांनी डोळा दाखवायला मी एकटीच त्याला रिक्षात घालून गेले आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच सांगितलं की पावडर मी आणली होती. त्यांनी मला बाबांच्या दुप्पट झापलं. घरी येऊन मी खोलीचं दार लावून थोडा वेळ रडले. मग दुपारचे तीन वाजले होते, म्हणून उठले, पाणी कोमट केलं आणि त्याचा डोळा पुसला.