रशियाच्या राणीचा शालू

दोह्याला जायचं ठरलं ते लेकीच्या एका वाक्यामुळे. मृणाल फोनवर म्हणाली, "आई, ईराला मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीतच देते गं." ईरा म्हणजे माझी आठ वर्षांची नात. झालं, माझं डोकंच फिरलं! "महिनाभरात पोरीला मराठी बोलायला लावून येते की नाही बघाच," असं ह्यांना ठणकावलं. हे म्हणाले, "जा. तूच इंग्रजी बोलत परत आली नाहीस म्हणजे मिळवली."

जायचं तर थंडीतच जा. उन्हाळ्यात गेलात तर पापड होईल तुमचा. मुंबईहून विमान चारेक तासांत पोचवतं. मृणाल तिथल्या मदिनत खलीफा भागात राहते. बंगल्यांची शांत वस्ती, कोपऱ्यावर किराणा दुकान, तिथे कढीपत्त्यापासून शेवयांपर्यंत सगळं मिळतं. उगाच बॅगेत कोंबून नेऊ नका, मी नेलं आणि पस्तावले.

ईराचं म्हणाल तर सगळे उपाय थकले. बेसनाचे लाडू केले, तर "यम्मी, आजी!" गोष्ट सांगितली, तर "अँड देन?" शाळेच्या बसमधल्या काकांशी फडाफडा हिंदी, मैत्रिणींना अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, मग मराठीनेच काय घोडं मारलंय? मी रुसूनही पाहिलं. तिने मला "सॉरी" लिहिलेलं कार्ड दिलं, तेही इंग्रजीत. परतीचा दिवस जवळ आला आणि माझा धीर सुटला.

त्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मृणाल आम्हाला समुद्राकाठच्या एका म्युझियममध्ये घेऊन गेली. रशियाच्या जुन्या राजघराण्याची चित्रं आली होती. मेट्रोने जा, तिकीट स्वस्त आणि डबा लख्ख. स्वेटर मात्र विसरू नका, आत एसीने दात वाजतात.

काय ती चित्रं! दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. प्रत्येक राजाचा एक हात कमरेवर, छातीवर पदकांची दाटी, मागे खांब, खांबाला लाल पडदा आणि त्यामागे वादळी ढग. मुकुट शेजारच्या टेबलावर उशीवर ठेवलेला. आमच्या येवल्याच्या फोटो स्टुडिओतही अस्साच खांब होता. त्याला टेकून सगळ्या गावाची लग्नं ठरली.

"एवढ्या बर्फाच्या देशात ही तंग पांढरी विजार? संधिवात झाला असेल बिचाऱ्याला," मी म्हटलं.

"आजी! दॅट्स सो रूड!" ईरा तोंड दाबून हसत होती.

पुढच्या दालनात राणी होती. खांद्यावरून निळा पट्टा, मागे जमिनीवर लोळणारा केशरी मखमलीचा झगा, आणि त्याच्या काठाला सोन्याची जर. आता मी येवल्याची. आमच्याकडे पोरी चालायला लागायच्या आधी पैठणीचा पदर ओळखतात. त्या रंगवणाऱ्याने जर अशी काढली होती की वळणावर उजेड पडलाय तिथे चमकतेय आणि घडीत विझलीये. खरी की खोटी? दुकानात आपण काय करतो? अंगठा आणि बोट पुढे करतो, काठ चिमटीत धरून बघतो. माझा हात आपोआप निघाला. चित्रापुढची दोरी ओलांडली हे देवाशपथ कळलंच नाही.

"आजी, थांब! हात लावू नकोस! किती वेळा सांगायचं तुला!"

दालनभर आवाज घुमला. तेवढ्यात गजर किंचाळला. पहारेकरी धावत आला, "मॅडम, पीछे, पीछे!" मृणालने कपाळावर हात मारला. दोन अरबी बायका वळून बघायला लागल्या. माझं कुठे लक्ष होतं! मी त्या पोरीचा मुका घेत होते. पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. त्याने खुर्ची आणून दिली.

चित्राला बोटही लागलं नव्हतं, म्हणून ताकीद देऊन सोडलं. बाहेर आल्यावर करक चहाच्या टपरीसमोर थांबलो. तिथे लोक गाडीतूनच हॉर्न वाजवून चहा मागवतात, आम्ही मात्र पायीच होतो. उभ्यानेच प्यायलो. वेलची घातलेला दाट चहा, जरूर घ्या. कप हातात घेताना ईरा म्हणाली, "फुंकून पी. भाजेल." मृणाल कसनुसं हसत म्हणाली, "आई, मी दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलते. घरी येऊन मराठीत फक्त ओरडते गं तिला." मी म्हटलं, "मीही तुला दुसरं काय केलं?"

नाशिकला परत येऊन महिना झाला. राजांची नावं एकही लक्षात नाही. दर शुक्रवारी ईराचा व्हिडिओ कॉल येतो. परवा ती म्हणाली, "गोळी घेतलीस का? खोटं नको बोलू. चष्मा कुठाय?" हे शेजारून म्हणाले, "अगदी तुझाच आवाज!" मला भरून आलं, डोळ्यांना धारच लागली.

"आजी, रडतेस काय? आधी फोन सरळ धर. नुसतं नाक दिसतंय."