बुडालेल्या गावाचं आडनाव

आमचे व्याही हॉलंडहून सेनगावला पहिल्यांदा आले तेव्हा तुरी फुलावर होत्या. लेक नोकरीसाठी तिकडं गेली नि तिथंच तिनं लग्न केलं. तिचे हे सासरे उंच, शांत माणूस. अंगणात खुर्ची टाकून पिवळ्या रानाकडं तासन् तास बघत बसायचे. भाषा कळत नव्हती. लेक मधे बसून दोन्हीकडचं सांगायची.

एका दुपारी मी त्यांना आडनावाचा अर्थ विचारला.

त्यातलं 'फान' म्हणजे 'तिथला', आणि पुढं एका गावाचं नाव. ते गाव समुद्राकाठी होतं. कैक पिढ्यांमागं वादळात बांध फुटला, पाणी आत आलं ते परत गेलंच नाही. वाचलेली माणसं गुरं घेऊन आतल्या मुलखात गेली. पुढं त्यांतला कुणी जहाजावर चढून पार जावा बेटावर पोचला. आडनाव सगळ्यांसोबत गेलं.

"गाव बुडालं, मग नाव काहून ठेवलं?" मी म्हणाले.

लेकीनं विचारलं. ते हसले. "आम्ही कुठं ठेवलं? गावात होतो तोवर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. बाहेर पडलो, तेव्हा लोकांनी दिलं."

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सासरचं सांगितलं. ते म्हणाले, हे नाही, जन्माचं.

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. उच्चारलं तर माझ्याच तोंडाला ते नवखं वाटलं. मी सहा वर्षांची असताना आमचं गाव धरणात गेलं. बैलगाडीत जात्याशेजारी बसून मी निघाले होते. नव्या गावच्या शाळेत मास्तरांनी आडनाव विचारलं, तर वडील म्हणाले, "तसं काई न्हाई, गाव सांगतो." मास्तरांनी गावाच्या नावाला 'कर' जोडलं.

"आई, हे मला कधीच सांगितलं न्हाईस," लेक म्हणाली.

"तू कधी इचारलं?"

दुसऱ्या दिवशी जीप करून आम्ही धरणावर गेलो. पाणी झोपल्यासारखं निवांत होतं. घर कुठं होतं ते मला नीट दाखवता येईना. व्याह्यांनी विचारलं, दार कुठल्या दिशेला होतं?

"उगवतीला." हे मात्र पटकन आलं. सकाळचं ऊन थेट अंथरुणावर यायचं, आई चुलीपुढून हाक मारायची. मी बोलत राहिले. मधेच लेक त्यांना सांगायची थांबली, नुसतीच ऐकू लागली. तरी ते मान हलवत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी घराण्याची लांबलचक वंशावळ चटईवर पसरली. लेकीच्या नावाच्या वर जागा रिकामी होती. त्यांनी पेन माझ्या हातात दिला. मी माझं नाव लिहिलं, त्यापुढं माहेरचं आडनाव, मराठीत. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद गुंडाळला नाही.