चार बेचाळीसची नोंद

मेंढरं राखणाऱ्या मुंजाबाला जनावराच्या खोकल्यावरनं दुखणं कळायचं, अन् त्याच्या पोराला, हनुमानला, यूपीएसच्या बझरवरनं बिघाड. यूपीएस दुरुस्तीच्या सोळा वर्षांत आपल्या हातून एक चूक नाय, असं देवगाव रंगारीचा हा गडी संभाजीनगरात सगळ्यांना ऐकवायचा. घमेंड होतीच, खोटं कशाला बोला?

त्या दिवशी गारखेड्यातल्या लहान मुलांच्या दवाखान्यात मात्र सगळ्यांची तोंडं उतरलेली होती. आदल्या रात्री लाईट गेली, जनरेटर लवकर सुरू होईना, अन् यूपीएसनं दमच धरला नाही. कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या दहा मिनिटं बंद. नशीब, बाळं वाचली. मॅनेजर इंद्रजीतनं रात्रपाळीच्या मावशीला, वच्छलाबाईला, धरलं होतं. बझरनं बाळं उठतात अशी तिची नेहमीची कुरकुर. तेव्हा तो तिनंच बंद केला असणार, म्हणून बिघाड कुणाला कळलाच नाही, असं त्याचं म्हणणं. मी हातबी नाय लावला, एवढंच ती म्हणत होती. मशीन काय सांगतं त्यावर तिची नोकरी ठरणार होती.

तपासायला बोलावलेल्या हनुमाननं मशीनमधल्या नोंदी उघडल्या. सोमवार, चार बेचाळीस: बॅटरीचं कनेक्शन तुटलं. चार त्रेचाळीस: बझर बंद. पहाटेची वेळ, म्हणजे मावशीचीच पाळी. झालं, लिहून द्या, म्हणत इंद्रजीतनं कागद पुढं केला.

बॅटरीचा खटका खाली पडलेला होता. हनुमाननं तो वर केला, तशी नवी नोंद उमटली: सहा पाच. भिंतीवर तर अकरा पस्तीस झालेले. मशीनचं घड्याळ साडेपाच तास मागं होतं. बसवल्यापासून कुणी लावलंच नव्हतं. म्हणजे सोमवारची ती नोंद सकाळी सव्वादहाच्या सुमाराची. तेव्हा इथं कोण होतं? हनुमान स्वतःच! मशीनच्या साफसफाईला येऊन त्यानं खटका पाडला, कटकट नको म्हणून बझर बंद केला, तेवढ्यात दुसरीकडचा फोन आला अन् खटका वर न करताच तो निघाला. 

गप बसलं तर कुणाला काय कळणार होतं? दारात मावशी पदर तोंडाला लावून उभी होती. 

"साहेब, ती येळ मावशीची नाय. माझी हाय," तो म्हणाला, अन् सगळं सांगून मोकळा झाला.

इंद्रजीतनं तिथंच त्याच्या कंपनीला फोन लावला. मावशी आता दोन बरे शब्द बोलंल, असं हनुमानला उगीच वाटलं.

"पेट्या बंद पडल्या तवा सिस्टरनं एक बाळ माझ्या छातीशी दिलं व्हतं," ती म्हणाली. "गार पडाया लागलं व्हतं रं ते."

त्याला तिच्याकडं बघवेना. सोळा वर्षांची ती फुशारकी त्यानं पुन्हा कुणाला ऐकवली नाही.