ठणठणीत माणसांची डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसं यायची, आजारी आणि वैमानिक. आजारी माणसं नको तितकं सांगायची, आणि वैमानिकांना मेलं कधी काही व्हायचंच नाही! हौसेनं छोटी विमानं उडवणाऱ्यांना तपासून, तब्येत उडण्याजोगी असल्याचा दाखला द्यायचं काम बाईंकडे होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं कधी डोकंसुद्धा दुखू नये, हे काय गौडबंगाल आहे, याचं त्यांना भारी कुतूहल.

"अगं, वर हवा चांगली असेल," नवरा चेष्टा करायचा.

त्यातले गादीवाले बाईंचे लाडके. गाद्यांचं दुकान चालवून एक जुनं दोन आसनी विमान घेतलेला माणूस. तपासणीला आले की बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या घोरायचे. तपासणी म्हटलं की भल्याभल्यांची गाळण उडते आणि हे खुशाल झोपतात! किती निवांत जीव, असं म्हणत बाई सही ठोकायच्या.

मग नियम बदलला. छोट्या विमानांसाठी दाखला नको. गाडीचं लायसन्स असावं आणि आपल्या तब्येतीची हमी आपणच द्यावी, एवढं पुरे. वैमानिक आता कशाला फिरकतात, असं बाई धरून चालल्या होत्या. तर पहिल्याच आठवड्यात गादीवाले बायकोला घेऊन हजर.

"आता माझं उडणं तुमच्या हातात नाही ना?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"नाही."

"मग सांगतो. रात्री झोपेत माझा श्वास थांबतो."

"मी कोपरानं ढोसते, तेव्हा सुरू होतो," बायको म्हणाली. "दिवसा गिऱ्हाइकासमोर पेंगतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, गप्प बस, विमान हातचं जाईल."

बाकावरच्या त्या झोपेचं आपण कौतुक करत बसलो! बाईंना स्वतःचाच संताप आला.

"वर असताना कधी डुलकी लागली?"

गादीवाले म्हणाले, "एकदा."

"कधी?" बायकोनं विचारलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

"तू शेजारी होतीस. खालची नदी बघत होतीस."

बाईंनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

"यावर उपचार आहे," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटेपर्यंत उडू नका. हुकूम करायचा अधिकार आता माझ्याकडे नाही. विनंती करते."

बायकोनं हात पुढे केला. गादीवाल्यांनी खिशातून विमानाची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.