साहेबाचं पोतं

"पाठीवर पोतं टाक आधी," सरपंच म्हणला. "साहेबांस्नी तुझी उघडी पाठ चालंल व्हय?"

मी ओढ्याच्या काठावर वाकून उभा हुतो. विजार मांडीपर्यंत दुमडलेली. सदरा काढून बाभळीवर टाकलेला. आबानं, म्हणजे माझ्या बापानं, धुतलेलं पोतं माझ्या पाठीवर पसरलं, चारी कोपरं नीट वढलं आणि हात जोडून सर्कलसाहेबाला म्हणला, "बसा साहेब. पोरगं दमाचं हाय. पाडायचं न्हाय."

साहेब बसला. बुटासकट. एक टाच माझ्या बरगडीत रुतली. हातातली फाईल त्यानं माझ्या टाळक्यावर टेकवली, टेबलावर टेकवावी तशी. मी पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्यावर आलं, मग मांडीला लागलं. खाली चिखल. पाय घट्ट रोवायचा, मग दुसरा उचलायचा. मागनं काठावरनं सरपंच छत्री धरून सांगत हुता, "सावकाश. साहेबांचा बूट भिजंल."

पलीकडच्या काठाला उतरवला. साहेबानं माझ्याकडं बघितलं न्हाय. आधी बूट बघितला, मग ढुंगणाला हात लावून पोत्याचं काय चिकटलंय का ते झटकलं.

आता साहेब आलता कशाला? आमच्या ओढ्यावर मोरी, म्हणजे ल्हान पूल, पायजे का न्हाय, ह्याची पाहणी करायला.

हसू नका. मीबी तवा हसलो न्हवतो.

आमची दोन एकर जमीन. आबा गावचा येसकर हुता, त्याचा बाप येसकर, आज्याचा बाप येसकर. गावाला आलेल्या साहेबाचं घोडं धरायचं, वर्दी द्यायची, मेलेलं जनावर वढायचं आणि पावसाळ्यात साहेबाला पाठीवर घिऊन ओढा उतरवायचा, ह्या सगळ्याच्या बदल्यात ती जमीन. पुढं वतन कायद्यानं गेलं, जमीन आमच्या नावावर झाली. वतन गेलं, पोतं ऱ्हायलं. आमच्या घरात आढ्याच्या खाली एक खुंटी हुती, तिच्यावर ते टांगलेलं असायचं. त्यात दाणा भरायचा न्हाय, त्यावर कुणी निजायचं न्हाय. साहेबाचं पोतं. देव्हाऱ्यातला देव दिवाळीला धुवायचा, पोतं म्हैन्याला. आबाला त्याचा कोण अभिमान. "तीस वर्सात एक साहेब भिजू दिला न्हाय," असं कुणीबी पावणं आलं की सांगायचा. ऐकणारा मान हलवायचा. मीबी ल्हानपणी हलवायचो.

तर दोन एकर. त्याच्या मधनं ओढा. हा काठ आमचा, तो काठ आमचा, मधलं पाणी सरकारचं. ऊस सगळा पलीकडच्या काठाला. दोन्ही दरडी उभ्या, तळाला चिखल, बैलगाडी उतरत न्हाय. माणूस कसाबसा उतरतो, गाडी न्हाय. गाडीला एकच वाट, ती वरच्या अंगाच्या सरपंचाच्या मळ्यातनं. त्यानं तिथं ओढ्यावर सोताची दगडी मोरी बांधली हुती. कागद न्हाय, परवानगी न्हाय, पाहणी न्हाय. एका उन्हाळ्यात बांधली आणि नारळ फोडला.

त्या मोरीवरनं आमची गाडी सोडायला सरपंच तयार हुता. फुकट. म्हणजे त्याच्या तोंडातनं फुकट. त्याबदल्यात आई रोज सकाळी त्याच्या गोठ्यातलं शेण काढायची. अकरा जनावरं. मला कळतंय तवापासनं आईच्या नखात शेण हाय. थंडीत बोटं चिरायची, त्या भेगांत मूत जायचं जनावरांचं, ती तोंडातल्या तोंडात काय तरी पुटपुटायची आणि पाटी उचलायची. एक दिस न गेली तर सरपंचाचा गडी दारात यायचा. आत यायचा न्हाय, लांबनंच म्हणायचा, "गाडी न्यायची हाय नव्हं यंदा?" एवढंच.

ओढ्यावर आमची मोरी झाली की आई मोकळी. माझ्या डोक्यात दुसरं काय न्हवतं.

मी तवा कबनूरला कापडाच्या मागावर कामाला हुतो. अकरावी झालेलो, म्हणून वस्तीतलं लोक माझ्याकडनं कागद लिवून घ्यायचं. सुट्टीच्या दिवशी घरी आलो आणि अर्ज लिवला. सिमेंटचं दोन पाइप टाकतो, वर दगड आन् मुरूम, काम आमच्या हातानं, जागा आमची. सरकारकडनं खिळासुदिक मागत न्हवतो. मागत हुतो ती परवानगी. सरपंचानं हरकत घातली, "पाणी तुंबून माझा मळा खराब हुईल." ज्याच्या मोरीला एकच नळा आणि तोबी मांजर जाईल न जाईल एवढा, त्यानं आमच्या दोन पाइपांवर हरकत घातली. लाज बिज काय नसतीच ह्या लोकांस्नी. जन्मताना दाईच काढून घेत असंल.

हरकत आली म्हणून पाहणी लागली. पाहणीला हा सर्कल, पाच-सहा गावांच्या तलाठ्यांवरचा साहेब. त्याला सरपंचानं आपल्या मोरीकडं फिरकू दिला न्हाय, सरळ आमच्या दरडीवर आणून उभा केला. आणि आबा खुंटीवरचं पोतं घिऊन धावला. पुढचं मी सांगितलं.

पलीकडं गेल्यावर साहेब ऊन लागून घामाघूम झाला. आई उसातलं तण भांगलत हुती. तिनं तांब्या घासला, विहिरीचं ताजं पाणी आणलं, पदरानं तांब्याचं बूड पुसून म्हणली, "साहेब, पाणी घ्या." साहेबानं हाताचा पंजा दाखवला. "नको, नको. बाहेरचं पाणी बाधतं मला." मग अलीकडच्या काठाला परत नेल्यावर सरपंचाच्या घरनं आलेला ताकाचा तांब्या त्यानं उभ्या उभ्या रिकामा केला. तेबी बाहेरचंच हुतं. बाधलं न्हाय.

आमचं पाणी चालत न्हवतं, पाठ चालत हुती. मधी एक पोतं असलं म्हणजे झालं.

त्या दिवशी मी काय बोललो न्हाय. खरं सांगतो, मला रागबी लई आला न्हवता. पाठ दुखली, बरगडी दुखली, वाटलं काम हुतंय नव्हं, होऊ द्या. आबा तर खुशीत हुता. दोनदा म्हणला, "बूट कोरडा ठेवलास, बरं केलंस. साहेबाच्या ध्यानात ऱ्हाईल."

ऱ्हायलं की ध्यानात.

दीड म्हैन्यानं अर्ज फेटाळल्याचा कागद आला. कारण लिवलेलं न्हवतं. मी मागावरची एक पाळी बुडवून मामलेदार कचेरीत गेलो, पाहणीची नक्कल मागितली. कारकुनानं मला चार वेळा खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वाचता येतं का?" मी म्हणलो, "येतं." "मग काय करणार वाचून?" मी म्हणलो, "वाचणार." नक्कल मिळाली. कचेरीबाहेर लिंबाखाली उभा ऱ्हाऊन वाचली. अजून पाठ हाय.

"अर्जदाराच्या समक्ष ओढा पायी ओलांडून पाहिला. पाणी घोट्यापर्यंत असून ये-जा करणेस कोणतीही अडचण दिसून येत नाही. सबब मोरीची आवश्यकता नाही."

पायी ओलांडून. मी तीनदा वाचलं. आधी हसू आलं, लिंबाखालचा चहावाला बघायला लागला इतकं. मग हसू गेलं आणि कानशिलं तापली. कुणाच्या पायी रं भाड्या? चिखलात रुतलं ते पाय कुणाचं हुतं? घोट्यापर्यंत म्हणं. घोटा कुणाचा बुडला? तुझी टाच तर माझ्या बरगडीत हुती. तुला पाणी ठावं तरी हुतं का, गार का गरम?

आणि मग कळलं, आणि ते लई वाईट कळलं. चूक आमची हुती. आमीच त्याला कोरडा नेला, म्हणून त्यानं ओढा कोरडा लिवला. आमीच पोतं धुतलं, आमीच वाकलो, आमीच त्याच्या बुटाची काळजी केली. आबा तीस वर्सं साहेबांस्नी भिजू देत न्हवता, म्हणून तीस वर्सात एकाबी साहेबाला आमच्या ओढ्यात पाणी हाय ह्याचा पत्ता न्हवता. आमची इमानदारी आमच्याच गळ्यात धोंडा हुऊन बसली हुती, आणि आमी ती म्हैन्याला धुऊन वाळत घालत हुतो. त्या लिंबाखाली मला सर्कलपेक्षा माझी सोताची जास्त शिसारी आली. हे लिवायला जड जातंय, पण खरं हाय ते लिवतो.

मी तिथंच कागद मागितला आणि फेरपाहणीचा अर्ज केला.

फेरपाहणी लागली ती श्रावण सरताना. ओढा भरात. आणि पाठवला कोण, तर तोच सर्कल. सरकारला दुसरा माणूस गावत नसावा. सरपंच छत्री घिऊन हजर. वस्तीतलं दहा-बारा जण काठावर. आई सरपंचाच्या गोठ्यातनं तशीच आलती, हात कोपरापर्यंत शेणानं माखल्यालं.

सरपंचानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. वाक, म्हणून. बोलायची गरज वाटली न्हाय त्याला. बैलाला तरी हुर्र म्हणतात.

मी उभा ऱ्हायलो.

"पोतं आण रं," सरपंच आबाला म्हणला. आबा आधीच घिऊन आलता. त्यानं ते माझ्यापुढं धरलं. मी घेतलं न्हाय. आबानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग साहेबाकडं. आणि मग त्या साठीच्या माणसानं सोताच मुंडासं काढून ठेवलं, पोतं आपल्या पाठीवर टाकलं, आणि वाकला. "बसा साहेब," म्हणला. "मी नेतो."

साहेबानं पाय उचललाबी. त्याला काय वाटलं न्हाय. एका म्हाताऱ्याच्या पाठीवर बसायला त्यानं धोतर सावरतात तशी पॅन्ट सावरली आणि पाय उचलला.

मी आबाच्या पाठीवरनं पोतं वढून काढलं.

"साहेब," मी म्हणलो, "मागल्या टायमाला ओढा पायी ओलांडला म्हणून लिवलंय तुमी. आता ओलांडा."

साहेबानं उचललेला पाय खाली ठेवला.

"माजला काय रं?" सरपंच म्हणला.

"घोट्यापर्यंत हाय पाणी," मी म्हणलो. "साहेबांनीच लिवलंय. बुटातबी जायचं न्हाय. आणि भ्या वाटत असंल तर चला वरच्या अंगाला, सरपंचांची मोरी हाय. तिच्यावरनं कोरडं जाऊ. जाता जाता त्या मोरीचा कागदबी बघू."

साहेबानं सरपंचाकडं बघितलं. सरपंचानं छत्रीकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, पंचायतीच्या खुर्चीवर मावत न्हाय, पण त्या वेळेला छत्रीच्या दांड्यामागं लपायला बघत हुता. साहेबानं फाईल बंद केली. "अर्जदार सहकार्य करत नाही," असं पुटपुटला आणि माघारी फिरला. ओढ्यात उतरला न्हाय. बोटसुदिक बुडवलं न्हाय त्यानं.

आबा वाकलेलाच हुता अजून. मी हात धरून उठवला तर हात झिडकारला. "माझ्या डोळ्यांदेखत साहेबाला माघारी लावलास," म्हणला. "तोंड काळं केलंस माझं." पुढं चार म्हैनं तो माझ्याशी बोलला न्हाय. जेवायला बसलो की ताट उचलून पडवीत जायचा.

आई मात्र त्याच काठावर बसली, ओढ्यात हात घातलं आणि कोपरापर्यंत खसाखसा धुतलं. नखं सुदिक काडीनं कोरली. मग उठून सरपंचाला म्हणली, "उद्यापासनं मी येणार न्हाय. गडी ठेवा." आवाज चढवला न्हाय, भाजीवालीला मेथी नको म्हणावं तसं म्हणली.

त्या साली सरपंचानं वाट बंद केली. मोरीच्या तोंडाला बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. कारखान्याचं गळीत सुरू झालं, ऊस तोडला, आणि सगळा ऊस आमी डोक्यावरनं ओढ्यातनं काढला. मोळी बांधायची, दरड उतरायची, पाण्यातनं यायचं, दरड चढायची. वस्तीतली बायामाणसं धरून आठ दिस. डोक्याला उसाच्या कांड्या रुतायच्या म्हणून चुंबळी पायजे हुत्या. आईनं खुंटीवरचं पोतं काढलं, विळ्यानं टराटरा फाडलं आणि त्याच्या चुंबळी वळल्या. सात निघाल्या. एक आबापुढं ठेवली. त्यानं ती उचलली न्हाय, उघड्या डोक्यावर मोळी घेतली. पण घेतली.

मोरी अजून झालेली न्हाय. सरपंच तोच हाय, साहेब बदललं दोन. ऊस अजून डोक्यावरनं येतो. ह्यात काय गोड सांगण्यासारखं न्हाय आणि मी सांगणारबी न्हाय. मान दुखती, पाय फुटत्यात, आई कधी कधी दरडीवर बसून ऱ्हाती. पण गोठ्यात जात न्हाय.

अर्ज मी दरसाल करतो. जमीन आबाच्या नावावर, म्हणून अंगठा त्याचा लागतो. पूर्वी मी वर लिवायचो, "मेहेरबान साहेबांचे सेवेशी, नम्र विनंती." फेरपाहणीनंतर पयली ओळ बदलली. आबाला वाचून दाखवली तर म्हणला, "ही वळ काढ, मग अंगठा देतो." मी म्हणलो, "वळ ऱ्हाणार." दोन दिस कागद तसाच पडला. तिसऱ्या दिवशी त्यानं तोंड दुसरीकडं फिरवून अंगठा दिला.

ती ओळ मी ह्या सालीबी लिवलीय, पुढच्या सालीबी लिवणार, आणि मी नसलो तर माझी पोरं लिवतील. "पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने ओढा स्वतःच्या पायांनी ओलांडावा. अर्जदाराकडून पाठ मिळणार नाही."