एक बोट डावीकडे

निवृत्तीच्या दिवशी मी स्वतःच्याच मिरवणुकीतून पायी चालत घरी आलो.

आमच्या भिलाईत प्लांटमधला माणूस रिटायर झाला, की सोबती त्याला हारांनी मढवतात, गाडीत बसवतात आणि पुढे बाजा लावून घरी पोचवतात. असा थाट माणसाला आयुष्यात दोनदाच मिळतो. पहिल्यांदा लग्नात, आणि तेव्हा तो घाबरलेला असतो! त्यामुळे या वेळी तरी सगळं नीट व्हावं, अशी माझी फार इच्छा होती. त्यात मी रोलिंग मिलचा फिटर. एकतीस वर्षं मशीनी लेव्हलमध्ये बसवल्या. केसभर फरक मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो (असं मीच सगळ्यांना सांगत असे).

मिरवणुकीला आमचीच गाडी न्यायची ठरली. हथखोजच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला माझा मुलगा रोशन म्हणाला, "पापा, छोटे स्प्रिंग टाकून गाडी लोवर करून घेतो. एकदम मस्त लुक आता है!"

"रिटायर मी होऊन राहिलो, गाडीले कावून खाली बसवतं?"

त्यानं बसवलीच. संध्याकाळी गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. आधी उंच होती तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, आता अख्खी गल्ली जमली. मी लांबून एक डोळा मिटून पाहिलं आणि रोशनला हाक मारली.

"रोशन, गाडी डाव्या अंगाले झुकली हाय. चांगली एक बोट!"

खुर्सीपारच्या यादव मिस्त्रीला बोलावलं. त्यानं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालून पाहिली. चारही चाकांवर चार-चार बोटं.

"काकाजी, चारों तरफ बराबर है."

"उंगली से नमक नापते हैं मिस्त्री, गाडी नहीं!" असं सुनावून मी आतून माझी स्पिरिट लेव्हल आणली आणि टपावर ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा तडक उजवीकडे पळाला. म्हणजे डावी बाजू खाली! मिस्त्री म्हणाला, चार दिवस चालवा, स्प्रिंग आपोआप बसतील. पण माझी मिरवणूक परवावर आली होती! शेवटी मी हट्टानं डावीकडच्या दोन्ही स्प्रिंगांत रबराचे जाड बफर घालायला लावले. बुडबुडा बरोबर मध्ये आला. मी तो मिस्त्रीला दाखवला. तो बुडबुड्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला.

तेवढ्यात माझी बायको मंदा झाडू घेऊन बाहेर आली. "अहो, गाडीचं सोडा. पोर्च धुतला का सारं पानी त्या डाव्या कोपऱ्यात जमते. बारा वर्षापासून सांगून राहिली मी."

"पानी हाय ते मंदा, कुठं तं जाईनच!" म्हणालो. (इथे महत्त्वाचं काम चालू होतं!)

तिसऱ्या दिवशी प्लांटच्या गेटसमोर, सपाट रस्त्यावर, झेंडूनं सजलेली गाडी आली. माझ्याच मिलमधला वानखेडे म्हणाला, "भोयर भाऊ, गाडी उजवीकडे कावून झुकून राहिली?"

मी वाकून पाहिलं. चांगली एक बोट!

"लोड असन," मी म्हणालो.

"कोनाचा लोड? गाडीत तं कोनीच नाही!"

मग वानखेडेसकट वजनदार माणसं निवडून डावीकडे बसवली. गाडी सरळ झाली, आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरवर तिचं पोट असं खरडलं की बाजा थांबला. स्टिअरिंगवरचा रोशन मागे वळून म्हणाला, "पापा, जरा सगळे उतरा." पुढच्या ब्रेकरला पुन्हा, "पापा, उतरा." तिसऱ्या ब्रेकरनंतर कुणीच परत चढलं नाही, मीसुद्धा. गळ्यात सात हार, अंगावर शाल, हातात नारळ, आणि मागे रिकामी, उजवीकडे कललेली गाडी! पानठेल्यावरून कुणीतरी विचारलं, "काका, गाडी बिगड गई क्या?" एकतीस वर्षांच्या इज्जतीचा चुराडा झाला होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

घर आलं. गाडी पोर्चमध्ये शिरली आणि काय आश्चर्य, एकदम सरळ!

"पाहा, पाहा! आली का नाही लेव्हलमध्ये?" मी ओरडलो.

वानखेडेनं गाडीकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे पाहिलं. इतक्यात मंदानं मला ओवाळलं आणि तांब्यातलं पाणी पोर्चमध्ये ओतलं. ते पाणी कुठेही न रेंगाळता गाडीखालून डाव्या कोपऱ्यात गेलं. अख्खं डिपार्टमेंट त्याच्याकडे बघत होतं. ढोलवालासुद्धा.

"वहिनी," वानखेडेनं हळूच विचारलं, "ही फरशी कोनं बसवली?"

"ह्यांनीच," मंदा म्हणाली. "मी म्हटलं, लेव्हल लावून पाहा. तं म्हणे, लेव्हल कायले पायजे, माह्ये डोळे हायेत!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दोन्ही रबर काढले, चारही चाकांवर बोटं घालून पाहिली आणि तीच चार बोटं मला दाखवून निघून गेला.

रबर मात्र वाया गेले नाहीत. मी रोज पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतो, तिच्या डावीकडच्या दोन पायांखाली ते ठेवले आहेत. खुर्ची एकदम लेव्हलमध्ये आहे, नुसत्या डोळ्यांनी पाहून लावली. (मंदा म्हणते, उजवीकडे झुकली आहे. पण ती कुठे मिलमध्ये होती!)