सोमवारची यादी

माझ्या पत्रकातला पहिलाच शब्द मेश्राम काकांनी खोडला. सिंगापुरात, बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत आम्ही बसलो होतो. ‘हॅकरांपासून सावधान’ असं ठळक मथळ्याचं पत्रक मी त्यांच्यासमोर ठेवलं होतं आणि कौतुकाची वाट पाहत होते. काकांनी खिशातून पेन्सिल काढली, ‘हॅकर’वर आडवी रेघ मारली आणि कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट घेत विचारलं, “चोर बाहेरचाच असतो असं काहून वाटते तुला?”

काका नागपूरचे. वीस वर्षं सिंगापुरात काढूनही त्यांचं ‘काहून’ गेलं नव्हतं. ‘का’ विचारणं हे त्यांचं पोटापाण्याचं कामच होतं. बँकेतल्या कोणत्या कर्मचाऱ्यानं कोणत्या ग्राहकाची माहिती उघडून पाहिली, त्याची मागच्या आठवड्याची यादी दर सोमवारी त्यांच्या टेबलावर यायची. ग्राहक काउंटरवर आला नाही, त्याचा फोन नाही, अर्ज नाही, आणि तरीही कुणी त्याचं पान उघडलं असेल, तर काका त्या कर्मचाऱ्याला बोलावून कारण विचारायचे. त्यांच्या विभागातली एक चिनी बाई हा शब्द ऐकून ऐकून शिकली होती. काका लांबून येताना दिसले की ती त्याला इथला ‘ला’ जोडून म्हणायची, “काहून ला, मिस्टर मेश्राम?” काका हसायचे नाहीत. फक्त मान हलवायचे, दमलेल्या माणसासारखी.

तेव्हा मी नुकतीच पत्रकं काढायला लागले होते. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या तीन घरांत असे फोन आले होते की पलीकडच्या माणसाला यांचं नाव, पगार, बँकेची शाखा सगळं ठाऊक. माझं डोकं फिरलं होतं. माणसाची माहिती त्याची स्वतःची असते, बँकेची नाही, एवढं साधं वाक्य कुणाला का कळत नाही, असं मला वाटायचं. काकांकडून मला किस्से हवे होते, जमलं तर नावंसुद्धा. एकही मिळाला नाही. “केस मी घरी आणत नाही,” ते म्हणाले. मग निदान ही माणसं कशी असतात ते तरी सांगा, म्हणून मी हट्ट धरला.

“चांगली,” काका म्हणाले. “वाईट माणूस वर्षातून एखादा. बाकी सगळे चांगले. कुणाला मैत्रिणीकडे वाढदिवसाचा केक पाठवून तिला चकित करायचं असते. कुणाला वाटते, खालच्या मजल्यावरची म्हातारी पंधरा दिवस दिसली नाही, पैसे काढले का पाहू, म्हणजे जिवंत आहे हे कळेल. मी त्यांना कागदावर सही करायला लावतो ना, तेव्हा ते माझ्याकडे असे पाहतात, जसं काही मीच त्यांचं चोरलं. हे लिही, पत्रकवाली. पण हे लिहिलं तर कोणी वाचणार नाही.”

मी ते लिहिलं नाही. पत्रक ‘हॅकर’ घेऊनच छापलं आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत वाटलं. लोकांनी वाचलं, फोटो काढले, एकमेकांना पाठवले. मी खूश होते.

ऋतुजा आमच्या मंडळातली. पुण्याहून लग्न करून आलेली, इथे एका कंपनीत इंजिनीअर. मागच्या वर्षी तिनं नवऱ्याचं घर सोडलं. त्याआधी ती माझ्या आईला एकदाच बोलली होती, “काकू, तो बाहेर जाताना दार बाहेरून लावून जातो.” आई म्हणाली होती, “काळजी करत असेल गं.” घर सोडल्यावर तिनं आईला एक फोन केला. मी बरी आहे, कुठे आहे ते विचारू नका, एवढंच म्हणाली, आणि नंबरही बदलला. नवा पत्ता तिनं फक्त ऑफिसला आणि बँकेला दिला होता. तो द्यावाच लागतो.

तिचा नवरा आमच्या घरी येऊन रडायचा. आईला रडणारा पुरुष बघवत नाही. मंडळातले दोन संसार आईनं मध्ये पडून सावरलेत, त्याचा तिला अभिमान आहे. आणि आमच्याकडे दर रविवारी जेवायला येणारा निखिल, नाशिकचा, अठ्ठावीस वर्षांचा, नेमका ऋतुजाचं खातं असलेल्या, काकांच्याच बँकेत. काकांनीच त्याला तिथे लावलं होतं. आईनं त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढली आणि म्हणाली, “अरे, फक्त ब्लॉक नंबर सांग. मी जाऊन समजूत घालते. एका बाईचा संसार उभा राहील.” निखिल म्हणाला, बघतो. त्यानं गुरुवारी बघितलं.

रविवारी पाडवा होता. आईनं श्रीखंडाचा डबा भरला, मी त्यावर रबर बँड लावून दिला. ती कुठे निघाली आहे ते मी विचारलं नाही. आई आणि ऋतुजाचा नवरा एलआरटी ट्रेननं बुकित पंजांगला गेले आणि बेल वाजवली. दार उघडल्यावर ऋतुजा नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं आईला विचारलं, “काकू, पत्ता कोणी दिला?” आई म्हणाली, “अगं, आपलीच माणसं आहेत.” ऋतुजानं दार लावून घेतलं. आठवड्याच्या आत तिनं ती खोलीही सोडली, आणि नोकरीही.

हे सगळं मला आईकडून आणि निखिलकडून कळलं, काकांकडून नाही. सोमवारी यादी आली. त्यात निखिलचं नाव होतं, आणि एका ग्राहकाच्या पत्त्याचं पान. कुणाचीही तक्रार आलेली नव्हती. काकांनी ती ओळ सोडून दिली असती तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी निखिलला बोलावलं. निखिलनं सांगितलेलं संभाषण एवढंच:

“काहून उघडलं?”

“काका, भल्यासाठी. काकूंनी सांगितलं म्हणून.”

“तिला विचारलं होतं?”

“कुणाला?”

काका म्हणाले, “हेच लिहितो. ‘कुणाला’ म्हणाला, असं लिहितो.”

संध्याकाळी निखिल आमच्या सोफ्यावर बसून रडत होता. नोकरी गेली की कामाचा पास जातो आणि पास गेला की माणूस जातो, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. आई माझ्याकडे वळली. “तुझं ऐकतात ते. जा, सांग त्यांना. पोराचं आयुष्य आहे.” मी गेले. पत्रकं वाटणारी मी, ओळख काढायला गेले. ते लिहितानाही लाज वाटते, पण गेले हे खरं.

काका नेहमीच्याच टेबलावर होते. मी अडखळत विषय काढला. ते म्हणाले, “कोणत्या केसबद्दल बोलून राहिली तू, मला ठाऊक नाही. पण एक सांग. हे तुझी आई विचारते, का तू?”

“आई.”

“आणि तू काय म्हणते?”

मी टेबलावर सांडलेली कोपी कागदानं पुसायला लागले.

“पत्रकात तर फार बोलते तू,” काका म्हणाले. चिडून नाही. त्यांना चिडायचाही कंटाळा आल्यासारखा वाटला. मग त्यांनी माझ्यासाठी एक कोपी मागवली आणि आम्ही क्रिकेटबद्दल बोललो.

निखिल महिन्याभरात परत गेला. त्याच्यासाठी मंडळानं निरोपाचं जेवण केलं, काकांना बोलावलं नाही. पुढेही कशालाच बोलावलं नाही. इतकी वर्षं मंडळाच्या नाटकांचे पडदे ओढणारे, सगळ्यांचे टॅक्सचे कागद फुकट भरून देणारे काका एकदम कुणीच नव्हते. काका बौद्ध, आणि चौदा एप्रिलला रजा घेतात, हे लोकांना आत्ताच आठवलं. जेवणाच्या रांगेत माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, “शेवटी त्यांना आपल्या माणसांचं काय?” ‘आपली माणसं’ या दोन शब्दांत काका कधी असायचे आणि कधी नसायचे, ते मंडळाच्या सोयीनं ठरायचं. मी वळून भांडले. आईनं माझा हात धरून बाहेर नेलं. भांडणाचा उपयोग शून्य झाला, ताट मात्र गेलं.

बँकेचं काय? बँकेनं सगळ्यांना अर्ध्या तासाचा एक व्हिडिओ बघायला लावला. शेवटी पाच प्रश्न, पाचही बरोबर आले की प्रमाणपत्र. मी काकांना म्हटलं, बँकेवर पत्रक काढते. ते म्हणाले, “काढ. पण माझ्यावरही काढ.” आणि मग, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच, ते स्वतःच्या कामाबद्दल बोलले. “यादी रोज पाहिजे, असं मी लिहून दिलं होतं. दर सोमवारी काहून? चूक गुरुवारी होते अन् मला सोमवारी दिसते. मधल्या दिवसांत जे व्हायचं ते होऊन जाते. त्यांचं उत्तर आलं, माणसं कमी आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी नाही लिहिलं.”

“का?”

“कंटाळा आला,” काका म्हणाले. “दुसरं काही नाही. कोणी धमकी नाही दिली, कोणी थांबवलं नाही. कंटाळा आला होता मला.”

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, त्यांतली काही मीच ठोकली आहेत. असं वाक्य मात्र त्यांत कधी नव्हतं. रोजची यादी असती तर निखिल शुक्रवारीच सापडला असता. काकांनी बँकेला ऋतुजाला सावध करायला लावलं असतं, आणि रविवारी बेल वाजली असती तर तिनं दार उघडलंच नसतं. काका हा हिशेब रोज करत असणार. त्यांचे डोळे सांगायचे.

काकांचा करार संपला, बँकेनं वाढवला नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं, की यादी रोज पाहिजे. ‘नोंद घेतली आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तेही ते गेल्यावर. जाण्याच्या आधी दोन दिवस त्यांनी मला एक बंद पाकीट दिलं. वर फक्त ‘ऋतुजा’ लिहिलं होतं. “तुला आधीपासून जे ठाऊक आहे, त्याच्याहून जास्त मी काही सांगत नाही,” ते म्हणाले. “अशा वेळी बँकेकडून छापील पत्र जाते, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ असं. मला हातानं लिहायचं होतं. तिसऱ्या वर्षी लिहिलं नाही, त्याची माफी मागितली आहे. पण मी पाठवणार कुठे? तिचा पत्ता मला कामामुळे माहीत झाला असता, तो वापरता येत नाही. तुझ्या आईकडे जुना होता, तो तर त्याहून वापरता येत नाही.”

“मी शोधते तिला,” मी म्हटलं.

“नाही. शोधायचं नाही. कधी आपणहून तुझ्यासमोर आली, बोलली, तर दे.”

ते पाकीट माझ्या बॅगेत सात-आठ महिने होतं. मध्ये मी दुसरं पत्रक काढलं. मथळा होता, ‘तुमचा पत्ता कोण उघडून बघतो?’ आत केकवाल्यांबद्दल, म्हातारीबद्दल लिहिलं. फारसं कुणी वाचलं नाही. एक काकू कागद परत देत म्हणाल्या, “अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस, लोक प्रेमानं करतात.”

मग एका शनिवारी लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका दुकानात, डाळींच्या रांगेत, ऋतुजा समोर आली. चार पावलांवर. तिनं मला ओळखलं. माझा हात बॅगेकडे गेला, तेवढ्यात तिची नजर माझ्या मागे गेली. माझ्याबरोबर आणखी कोण आलंय ते ती बघत होती. कुणी नव्हतं. तरी तिनं हातातली टोपली खाली ठेवली आणि सरळ बाहेर निघून गेली. टोपलीत साबुदाणा, शेंगदाणे आणि एक अगरबत्तीचा पुडा होता. दारापर्यंत मला सहज गाठता आली असती.

मी काकांना नागपूरला फोन लावला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

“ऋतुजा दिसली काका. बरी वाटली. केस आता आखूड…”

“ते नको सांगू,” काका म्हणाले.

“मला बघून निघून गेली. पत्र द्यायचं राहिलं.”

“मागे गेली नाही ना तू?”

“नाही.”

मग ते म्हणाले, “फाडून टाक ते पत्र.”

“काका, एवढं लिहिलंत…”

“मला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं. तिनं सामान टाकून पळावं, अन् वरून माझं पत्रही वाचावं? फाडून टाक, बाई.”

मी फाडलं. त्या शनिवारची गोष्ट काकांशिवाय मी कुणालाच सांगितली नाही. घरी तर नाहीच. आई अजून अधूनमधून, भाजी निवडता निवडता, विचारते, “ऋतुजा दिसली का गं कुठे?”

मी ‘नाही’ म्हणते.